अण्णांच्या जहाजाला खोली द्यावी का?

वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

"मी चाळिशीला टेकलोय. लातुरात राहतो, शिक्षक आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९७९ साली अठराव्या वर्षी नौदलात भरती झाले आणि पंधरा वर्षांनी, १९९४ मध्ये, पेन्शन घेऊन घरी आले. नोकरी बहुतेक बॉयलर रूममध्येच. पुढे एका बँकेत सुरक्षारक्षक होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून त्यांनी माडीवरच्या खोलीत 'आयएनएस गोदावरी' या त्यांच्या जुन्या जहाजाचं लाकडी मॉडेल करायला घेतलंय. चार फुटांचं धूड आहे. झालेला भाग पाडतात, परत करतात. संध्याकाळी जुन्या सोबत्यांना फोन लावतात, मोडक्यातोडक्या हिंदीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. शेताकडं फिरकत नाहीत. पेन्शन लाकडात आणि रंगात जाते. लोक हसतात, लातुरात कसलं जहाज म्हणून. माझा मुलगा अकरावीला आहे, नीटची तयारी करतोय, त्याला ती खोली पाहिजे. अण्णांची दगदग वाचावी म्हणून मी शिडाचं तयार जहाज ऑनलाइन मागवून दिलं, तर ते त्यांनी कपाटात टाकलं. मला सलतंय ते मात्र निराळंच. जहाजावरच्या गोष्टी ते नातवाला सांगतात. मला कधी अवाक्षर सांगितलं नाही. त्यांचं जहाज मालदीवच्या मोहिमेत होतं, हे मला परवा जिन्यात उभं राहून ऐकताना कळलं. माझं लहानपण बापाविना गेलं. किल्लारीच्या भूकंपानंतर माय आम्हाला घेऊन अंगणात झोपायची, तेव्हाही हे समुद्रावरच. आता म्हातारपणीही तिथंच आहेत. त्यांना या जुन्या दिवसांतून बाहेर कसं काढायचं?"

खोलीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, त्याकडे येतेच. आधी तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबू या. अण्णा जुन्या दिवसांत जाऊन बसलेत, असं तुम्ही धरून चाललाय. पण तुम्हीच लिहिलेला तपशील मला वेगळं सांगतो.

अण्णा बॉयलर रूममध्ये होते. ही जागा जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली असते. खिडकी नसते. गोदावरी वाफेवर चालायचं: दोन बॉयलर, त्यांची वाफ टर्बाइनला आणि टर्बाइनच्या जोरावर जहाजाचे पंखे. ही वाफ चारशे अंश सेल्सियसच्याही वर तापलेली असते. कुठे फुटली तर डोळ्यांना दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि आवाजाचा ठिकाणा लागेपर्यंत माणूस भाजून निघू शकतो. उकाडा असा, की लातूरची मे महिन्यातली दुपार बरी म्हणावी. अशा ठिकाणी चार-चार तासांची पाळी, 'वॉच' म्हणतात तिला. वर डेकवर काय चाललंय याचा अंदाज खालच्यांना यायचा तो वरून येणाऱ्या हुकमांवरून. वेग वाढवा, कमी करा, थांबा.

आता ती मालदीवची गोष्ट घ्या. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी तिथलं सरकार उलथवायचा प्रयत्न केला. आपले छत्रीधारी जवान आग्र्याहून विमानानं तिथं उतरले, तेव्हा ही मंडळी ओलिसांना घेऊन 'प्रोग्रेस लाइट' नावाच्या मालवाहू जहाजातून पळाली. गोदावरी आणि बेतवा या आपल्या युद्धनौकांनी त्या जहाजाला भर समुद्रात गाठून शरण आणलं. डेकवर असलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल. खाली असलेल्या अण्णांनी बहुधा काहीच पाहिलं नसेल. त्या पाठलागाला लागणारी वाफ त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दिली, बाकीचं नंतर मेसमध्ये इतरांच्या तोंडून ऐकलं.

ज्या जहाजावर ऐन तारुण्यातली वर्षं गेली, ते या माणसाला बाहेरून पाहायला मिळालं असेल ते धक्क्यावर चढता-उतरता, तेवढंच. आता ते कुणालाच दिसायचं नाही. १० डिसेंबर १९८३ ला सेवेत आलेलं गोदावरी २३ डिसेंबर २०१५ ला मुंबईत निवृत्त झालं. मला वाटतं, अण्णा जुन्या दिवसांत परत जात नाहीयेत. जे त्यांना तेव्हा दिसलं नव्हतं ते ते आता उभं करतायत.

त्या फोनांकडेही जरा या नजरेनं बघा. जहाजावर तीनशेच्या आसपास माणसं असली तरी पूर्ण जहाज कुणा एकाला ठाऊक नसतं. तोफेवरच्याला तोफ पाठ, रडारवाल्याला डोलकाठी पाठ, स्वयंपाक्याला गॅली. गोदावरी दोन सी किंग हेलिकॉप्टर बाळगायचं, त्यामुळे मागच्या बाजूला भलंमोठं हँगर होतं. त्या हँगरचं दार कसं होतं, किती रुंद होतं, हे बॉयलर रूममधल्या माणसाला कुठून आठवणार? ते हेलिकॉप्टर आत ढकलणाऱ्याला आठवेल. तो संध्याकाळी फोनवर सांगतो आणि सकाळी अण्णा हँगर पाडतात. तुम्ही लिहिलंय की झालेला भाग पाडतात. कुठला भाग पाडतात ते एकदा नीट बघा. वरचाच असणार, अशी मला खात्री वाटते. स्वतःच्या आठवणीत हरवलेला माणूस ती दुसऱ्याकडून तपासून घेत बसत नाही, आणि चूक निघाली म्हणून केलेलं काम मोडत तर नाहीच नाही.

शिडाचं जहाज कपाटात का गेलं, हेही आता लक्षात येईल. तुमचा हेतू चांगला होता. पण शिडाच्या जहाजाला बॉयलर रूम नसते.

मोठ्यानं बोलण्याचं कारण मात्र कौतुकानं सोडून देण्यासारखं नाही. यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान पुष्कळदा अधू होतात आणि ते त्यांना स्वतःला लवकर कळत नाही. घरात टीव्ही मोठा लागतो का, पाठमोरं बोललेलं ऐकू येत नाही का, ते पाहा. माजी सैनिकांच्या औषधोपचारासाठी ईसीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे. अण्णांचं कार्ड काढलेलं असेल तर जवळच्या पॉलिक्लिनिकमधून कानाच्या तपासणीसाठी पाठवतात. कार्ड नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, काढून घ्या. गल्लीला त्रास होतो असं म्हणून नेऊ नका. सोबत्यांचं फोनवरचं नीट ऐकू यावं म्हणून चला म्हणा, ते येतील.

लोकांच्या हसण्याबद्दल. लातुरात समुद्र नाही, खरंय. पण २०१६ साली याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि घराघरांत घागरींचा हिशेब चालायचा. वाफेच्या जहाजावर असाच हिशेब बाराही महिने असतो. चोहीकडे पाणी, पण पिण्याचं एक थेंब नाही. समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडं पाणी करायचं, त्यातलं पहिलं बॉयलरला, कारण खारं पाणी आत गेलं तर बॉयलर खराब होतो. आंघोळीचा नंबर शेवटचा. अण्णांना विचारा, किती पाण्यात आंघोळ उरकायचे. या विषयावर हसणाऱ्या शेजाऱ्यांनाही चार गोष्टी ऐकायला आवडतील.

तरीही तुमची काळजी मी उडवून लावणार नाही. बायको गेल्यानंतर माणूस एका खोलीत दिवस काढू लागला तर मुलाला भीती वाटणारच. म्हणून काही गोष्टींवर नजर ठेवा: जेवण तुटलंय का, रात्र-रात्र झोप लागत नाही का, सकाळी झालेलं बोलणं संध्याकाळी विसरतात का, हातातलं काम अर्धवट टाकून नुसते बसून राहतात का, सोबत्यांचे फोन हळूहळू बंद होतायत का. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका. पण माणूस रोज उठून मापं घेतोय, लोकांशी बोलतोय, नातवाला गोष्टी सांगतोय, तर मला हा दुःखातून बाहेर यायचा मार्ग दिसतो. तो बंद करू नका. शेताकडे फिरकत नाहीत, तर अठराव्या वर्षी ज्यानं शेत सोडलं त्याला आता शेतीची ओढ असलीच पाहिजे असं नाही. आणि पेन्शन त्यांची आहे. घरखर्चाला त्यांचा हातभार आधी ठरला असेल आणि तो थांबला असेल तर तेवढंच बोला. लाकडाचा हिशेब मागू नका.

आता खोली. लातुरात नीटची तयारी म्हणजे सगळं घर त्याच वेळापत्रकावर चालतं, हे मला माहीत आहे. मुलाला शांत जागा मिळालीच पाहिजे. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, मॉडेल गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं. पुष्कळ घरांत असंच करतात, पण हे अजिबात करू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्र्याखाली लाकूड आक्रसतं, पीळ खातं, सांधे उघडतात. पावसाळ्यात तेच फुगतं. शिवाय चौसष्ट वर्षांच्या माणसाला पुन्हा बॉयलर रूममध्ये पाठवल्यासारखं होईल. दुसरी वाट, मुलाला अभ्यासिका लावून द्यायची. लातुरात त्यांची कमी नाही, आणि क्लासनंतर मित्रांबरोबर तिथं बसणं काही मुलांना मानवतं. तुमचा मुलगा तसा आहे का, हे त्यालाच विचारा. तिसरी, खोली वेळेनं वाटून घ्यायची. मला हीच बरी वाटते.

त्यासाठी जहाज हलवता आलं पाहिजे. अण्णांनी १:१०० चं माप धरलेलं दिसतं. मूळ जहाज सुमारे १२६ मीटर लांब, म्हणून मॉडेल सव्वा मीटरचं. सुताराकडून जाड प्लायवूडचा पाट करून घ्या, दोन्ही टोकांना मुठी, त्यावर जहाज स्क्रूनं पक्कं बसवायचं. मग दोघं जण ते उचलून कपाटावर किंवा भिंतीतल्या रुंद फळीवर ठेवू शकतात. रंधा, कानस, पॉलिश पेपर हे धुळीचं काम मुलगा क्लासला गेला की सकाळी, आणि तेही जमेल तेव्हा गॅलरीत. घासताना तोंडाला मास्क हवाच, त्या बारीक भुशानं दमा उठतो. झटपट चिकटणारा डिंक, थिनर आणि स्प्रेचा रंग बंद खोलीत कधीही नाही. त्यांचा वास रात्री मुलाच्या डोक्यात जाईल आणि अण्णांच्या छातीलाही चांगला नाही. संध्याकाळी दिव्याखाली बसून करायचं ते बिनआवाजाचं, बिनवासाचं काम: तांब्याच्या तारेचे कठडे वाकवणं, इंजेक्शनच्या सुया कापून तोफांच्या नळ्या करणं. हे खाली बैठकीतल्या टेबलावरही होतं.

पण ही वाटणी तुम्ही ठरवून त्यांच्यापुढे ठेवू नका. अण्णांनाच सांगा, लेकराला संध्याकाळी खोली लागते, कसं करायचं? मेस डेकवर, म्हणजे नौसैनिकांच्या राहत्या मजल्यावर, एकावर एक बंक असतात, एवढ्याशा लॉकरमध्ये सगळा संसार आणि शेजारचा वॉच करून येऊन झोपलेला, म्हणून आवाज न करता वावरायचं. जागा वाटून घेणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. अट घातली तर ते दुखावतील. मदत मागितली तर दोन दिवसांत वेळापत्रक लावून देतील.

ज्यांच्या घरी असंच काही चाललंय त्यांच्यासाठी कामाच्या आणखी एक-दोन गोष्टी. लाकूड चांगलं वाळलेलं घ्या, सागाचे किंवा शिवणीचे वखारीतले तुकडे चालतात. आतूनबाहेरून सँडिंग सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा, हात मारला की ऋतू बदलला तरी ते फारसं हलत नाही. आपल्या युद्धनौकांचे नकाशे बाजारात सहसा मिळत नाहीत, फोटोंवरून मापं काढावी लागतात. लांबी माहीत असली की बाजूनं काढलेल्या फोटोवरून बाकीचं काढता येतं. मीटरभर उंचीचा कठडा १:१०० मध्ये एक सेंटिमीटर होतो आणि कठड्याला टेकलेला माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा. हे गणित अकरावीतल्या मुलाला द्या, अभ्यासातून उठल्यावर तेवढाच विरंगुळा. गोदावरीचा आराखडा लिअँडर वर्गाच्या ब्रिटिश युद्धनौकांवरून वाढवत नेलेला आहे आणि लिअँडरची छापील रेखाटनं मिळतात. अण्णांना हे माहीत असेलच, नसेल तर तेवढी शोधून द्या. तयार जहाजापेक्षा ही भेट त्यांच्या उपयोगाची.

आणि जमलं तर एकदा मुंबईला घेऊन जा. लातूरहून एका रात्रीचा प्रवास आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सागरी वारशाचं दालन आहे, तिथली मॉडेलं जवळून बघता येतात. दीवला जाणं झालं तर तिथलं खुकरीचं स्मारकही दाखवा. ९ डिसेंबर १९७१ ला ती युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. स्मारकात काचेच्या पेटीत ठेवलंय ते त्या जहाजाचं मॉडेलच.

आता तुमचं सल. अण्णा नातवाला सांगतात आणि मला सांगत नाहीत. फौजी घरांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार नेहमी असते, आणि तिच्यामागे बापाचं प्रेम कमी होतं असं मला क्वचितच आढळलंय. १९९४ साली अण्णा आले तेव्हा तुम्ही लहान होता, त्यांना दुसरी नोकरी शोधायची होती आणि गावात समुद्र पाहिलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. ऐकणारं कोण होतं? पुढे तुम्ही मोठे झालात, तुमच्या मनात राग होता. बापाला तो कळतोच. नातवाच्या मनात राग नाही, म्हणून त्याच्यापुढे तोंड उघडतं. तुम्ही जिन्यात उभं राहून ऐकलंत. दोन पायऱ्या वर गेला असतात तर?

भूकंपाचंही एकदा त्यांच्या बाजूनं बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मोबाइल नव्हते. लातूर जिल्ह्यात गावंच्या गावं गेली, हे जहाजावर त्यांना कसं कळलं? कुणी सांगितलं? घरचे जिवंत आहेत हे कळेपर्यंत किती दिवस गेले, आणि त्या दिवसांत वॉच सुटला का? मला यातलं एकही उत्तर माहीत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्हालाही माहीत नसावं. एक गोष्ट मात्र तुमच्याच तारखांत आहे. तेव्हा पंधरा वर्षांनी पेन्शन बसायची, पण पुढे नोकरी वाढवून घेता यायची आणि पुष्कळ जण घ्यायचेही. अण्णा भूकंपाच्या पुढच्या वर्षी घरी आले. या दोन गोष्टींचा संबंध आहेच असं मी म्हणणार नाही. नसेलही. पण बाप समुद्रावरच राहिला असं म्हणण्याआधी हे विचारायला हवं.

विचारायचं कसं? समोर बसून, फोनवर रेकॉर्डिंग लावून "तुमच्या आठवणी सांगा" म्हणालात तर दोन वाक्यांत आवरतील. त्यांच्या हाताखाली काम करा. जहाजाच्या पोटाच्या फळ्या एकावर एक चिकटवताना फेविकॉल धरेपर्यंत दाबून ठेवाव्या लागतात. ते दोन हात तुमचे असू द्या. नजर लाकडावर असली की बोलणं सुटतं. एका दिवशी एकच जागा विचारा. गॅलीत भात कसा शिजायचा? बंक वरचा होता की खालचा? लिबर्टीला, म्हणजे बंदरातल्या सुट्टीला, बाहेर पडल्यावर पहिलं कुठं जायचात? घरची पत्रं जहाजावर कशी पोहोचायची? हा शेवटचा प्रश्न तुमच्या मायचाही आहे, कारण ती पत्रं तिनं लिहिलेली. काही दिवसांनी, हाताला काम आणि बोलण्याला सवय झाली की भूकंपाचं विचारा. आणि तेव्हा तुमचंही सांगा, अंगणात झोपलेल्या पोराला काय वाटत होतं ते. रागानं सांगितलंत तरी चालेल. खोलीच्या भांडणात मिसळून मात्र सांगू नका, नाहीतर त्यांना वाटेल सगळा राग जहाजावर आहे.

ऐकलेलं रात्री वहीत उतरवा. रेकॉर्डिंग करायचं झालं तर त्यांना सांगून करा आणि घरातच ठेवा. जहाज निवृत्त झालं तरी शस्त्रं, संदेशयंत्रणा यांचा तपशील बाहेर टाकायचा नसतो, नोकरीतली गुप्ततेची बंधनं नंतरही राहतात. अण्णा ती पाळत असतील. एखाद्या प्रश्नाला गप्प बसले तर परत विचारू नका.

एक सूचना त्यांच्यासाठी, पटली तर. काही कारागीर मॉडेलची एक बाजू थोडी उघडी ठेवतात, आतले मजले दिसावेत म्हणून. तुम्ही म्हणून बघा, "अण्णा, तुमची बॉयलर रूम दिसली पाहिजे." बाकीच्या जहाजासाठी त्यांना सोबत्यांना विचारावं लागतं. हा भाग ते कुणालाही न विचारता करतील आणि तुम्हाला करून दाखवतील.

जहाज पुरं झाल्यावर काचेची पेटी लागेल, धुळीपासून दुसरा उपाय नाही. ती बैठकीतच ठेवा, खोली मुलाला पूर्ण मोकळी होईल. पण हात रिकामे झाले की अशी माणसं एकदम खचतात, म्हणून पुढचं काम आधीच ठरवून ठेवा. मुलगा पुढे ज्या कॉलेजात जाईल तिथं एनसीसीचा नौदल विभाग असेल तर विचारा. तिथल्या छात्रांना जहाजांची मॉडेलं करायला शिकवतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि शिकवणारं जाणतं माणूस मिळालं तर त्यांना हवंच असतं. नाहीतर पाठलागात गोदावरीसोबत असलेलं बेतवा आहेच. ते मात्र १:२०० मध्ये करायला सांगा, म्हणजे अभ्यासाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर मावेल.